पेला वेगळा करून टीबी थांबत नाही

घरात कुणाला टीबी निघाला की आपल्याकडे सर्वांत आधी काय होते? पेला वेगळा होतो. कुणी त्याला दोरा बांधते, कुणी तळाला नेलपॉलिशची खूण करते. मग ताट वेगळे, अंथरूण वेगळे, कपड्यांची बादली वेगळी. रुग्ण घरची सून असेल तर आठ दिवसांत तिला माहेरी पाठवायची भाषा सुरू होते. बाळकुमच्या पाड्यांमधून फिरताना हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की मोजदाद ठेवलेली नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली मोरीच्या कट्ट्यावर दोरा बांधलेला पेला.

वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली कपबशी त्यांनी स्वतः विसळून पुन्हा जागेवर ठेवलेली आहे. त्या कपबशीमागे कुठलाच जंतू नव्हता, फक्त जात होती. आज आपल्या घरात जो पेला वेगळा होतो, त्यामागची भीती खोटी नाही, आजारही खोटा नाही. पण टीबी पेल्यातून जातच नाही. ताटातून जात नाही, कपड्यांतून नाही, हात हातात घेतल्याने नाही. म्हणजे रुग्णाचा अपमान तेवढा होतो आणि रोग आपल्या वाटेने निवांत चालत राहतो.

प्रत्येक साथीच्या रोगाची यायची-जायची वाट ठरलेली असते. जंतू कुठेतरी वस्ती करून राहतो, कुठल्यातरी वाटेने बाहेर पडतो आणि ज्याच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद नाही अशा माणसाला गाठतो. या तिघांतला एक दुवा तोडला तरी साथ थांबते. सार्वजनिक आरोग्याचे सगळे काम एवढ्यावर चालते, मग ते लसीचे असो, क्लोरीनचे असो की डासांच्या अळ्या शोधण्याचे. मात्र कुठल्या रोगाचा कुठला दुवा तोडायचा हे ठाऊक असावे लागते.

टीबीची वाट हवेतली आहे. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिशय बारीक थेंब हवेत जातात. बंद खोलीत ते कित्येक तास तरंगत राहू शकतात. मोकळ्या हवेत ते विरून जातात आणि उन्हात जंतू लवकर मरतो. म्हणून बसमध्ये शेजारी दहा मिनिटे बसलेल्यापेक्षा, दहा बाय दहाच्या खोलीत दार-खिडकी लावून रात्र-रात्र सोबत झोपणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. हाडाचा किंवा गाठीचा टीबी असेल तर त्या माणसापासून दुसऱ्याला सहसा लागण होत नाही. तरी पेला त्याचाही वेगळा होतोच!

मग करायचे काय? खिडकी उघडायची. खिडकी नसेल तर दार तरी दिवसभर उघडे ठेवायचे आणि रुग्णाचे अंथरूण दाराजवळ, हवेच्या बाजूला टाकायचे. पहिले काही आठवडे रुग्णाने घरात मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा. बेडका झाकणाच्या डब्यात थुंकावा, गल्लीत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे औषध. साध्या टीबीत, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीत, गोळ्या नीट सुरू झाल्या की दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. गोळ्या मात्र पूर्ण सहा महिने घ्यायच्या. महिन्याभरात खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि नेमकी तेव्हाच माणसे गोळ्या सोडतात. अर्धवट सोडलेल्या औषधांतून औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो आणि त्याचा उपचार जास्त अवघड असतो.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, यातले काही असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा. तपासणी मोफत, औषध मोफत. उपचार न घेणारा एक रुग्ण वर्षभरात जवळच्या पाच ते पंधरा माणसांपर्यंत लागण पोचवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता माहेरी पाठवलेल्या त्या सुनेचा विचार करा. नोंद ठाण्याला, औषध ठाण्याला, ती बसली दूर गावी. लाजेपोटी तिथे कुणाला सांगत नाही, गोळ्या तुटतात. आणि तिच्याकडे बघून शेजारची दुसरी बाई आपला खोकला लपवते. रोग पसरतो तो या लपवालपवीतून.

रुग्ण सापडला की घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यायचे असते. ज्यांना आजार नाही त्यांना टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळते. पूर्वी ते मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना देत, २०२१ पासून घरातल्या मोठ्यांनाही देण्याचे धोरण आहे. आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असते.

आता जेवणाबद्दल, कारण ते आपल्याकडे शेवटी येते. टीबीचा जंतू अंगात शिरलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. दहातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी होतो. तो कुणाला होणार हे बरेचसे पोटावर ठरते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. टीबी रुग्णांच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांतल्या माणसांना हा शिधा मिळाला त्यांच्यात टीबीचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. महागडे औषध नाही, नवी लस नाही. डाळ-भात! आपल्या वस्तीत टीबी का जास्त, याचे उत्तर रक्तात किंवा नशिबात शोधायचे कारण नाही. कोंदट खोली, धुळीचे काम आणि डाळीविना भात, एवढे पुरेसे आहे. रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. त्यासाठी बँक खात्याची नोंद लागते. ते पैसे रुग्णाच्या अंडी-डाळीलाच जावेत, एवढे सासूबाईंनी पाहावे.

मास्क, वेगळी खोली, अंतर हे आपण कोविडमध्ये शिकलो. २०२० च्या जूनमध्ये आपल्या बाळकुम-साकेतच्या ग्लोबल हबच्या इमारतीत १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले, ते सर्वांना आठवत असेल. त्यातले मास्कचे आणि खिडकीचे शिक्षण आपण लवकर विसरलो. वेगळ्या ताटाचे तेवढे लक्षात ठेवले.

वाट चुकीची धरली तर काय होते, हे मुंबई-पुण्याने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीच्या जवळचा, धान्याच्या गोदामांचा भाग. रोग घाणीतून आणि दुर्गंधीतून येतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची पक्की समजूत. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले. गरिबांच्या घरांची कौले उतरवली, भिंतींना चुना फासला, सामान जाळले, माणसांना ओढून छावण्यांत नेले. त्यासाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. २०२० मध्ये कोविडसाठी तोच कायदा पुन्हा वापरला गेला. गोदामांतले उंदीर मात्र गोदामांतच होते.

प्लेग पसरत होता तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू उपाशी राहते, मग ती माणसाला चावते. हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, तरी अनेकांनी त्याला हसण्यावारी नेले. पुढच्या काही वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत त्याची खात्री पटली. गंमत अशी की खेड्यातल्या लोकांना वाटेचा अर्धा पत्ता आधीच लागला होता. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून लोक रानात झोपड्या बांधून राहत. शिकलेल्या साहेबांनी त्यांना विचारले असते तर बरे झाले असते.

याच साथीत सावित्रीबाई गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. कराचीचा प्रयोग व्हायला तेव्हा एक वर्ष बाकी होते. रोग नेमका कसा जातो, अंगाला अंग लागून की श्वासातून की आणखी कशातून, हे त्यांना सांगू शकेल असा डॉक्टर नव्हता. तरी त्यांनी त्या मुलाला उचलले. आज आपल्याला टीबीची वाट पूर्ण माहीत आहे, औषध मोफत आहे, आणि आपण आपल्याच सुनेच्या हातचा चहा नाकारतो.

दुवा तोडायचे दुसरे साधनही त्याच साथीत मुंबईत तयार झाले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यांचेच.

लसीचा विषय काढला की गोवराबद्दल बोलावेच लागते. गोवरही हवेतूनच जातो, पण टीबीसारखा सावकाश नाही. गोवर झालेले मूल खोलीतून निघून गेले तरी दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू राहू शकतो. लस न घेतलेली दहा मुले अशा मुलाच्या सहवासात आली तर त्यातल्या नऊ जणांना गोवर होतो. आणि अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते मूल रोग पसरवत असते. म्हणजे आपल्याला कळेपर्यंत चाळभर झालेले असते. इथे खिडकी पुरत नाही, रुमाल पुरत नाही. इथे शेवटचाच दुवा तोडावा लागतो: मुलाच्या अंगात आधीच ताकद तयार असली पाहिजे.

कोविडच्या दोन वर्षांत अनेक मुलांचे डोस राहून गेले. त्याचा हिशेब २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चुकवावा लागला. गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, लहान मुले दगावली. मग भिवंडी, ठाणे, मालेगावपर्यंत रुग्ण निघाले. भिवंडी आपल्याला काही लांब नाही, बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की आलीच. तेव्हा साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नेहमीच्या डोसांव्यतिरिक्त एक जादा डोस द्यावा लागला.

गोवर-रुबेलाच्या लसीचे दोन डोस असतात. पहिला बाळ नऊ महिन्यांचे झाले की, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दुसरा डोस आपल्याकडे फार चुकतो. बाळ चालायला लागलेले असते, गुटगुटीत दिसते, आईचे काम सुरू झालेले असते. कधी कुटुंब सणाला किंवा लग्नाला गावी गेलेले असते आणि लसीकरणाचा दिवस निघून जातो. शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस झालेले असतील तर गोवराला पुढच्या मुलापर्यंत पोचायला वाट मिळत नाही. मग नऊ महिन्यांखालचे बाळ, जे अजून लस घेऊ शकत नाही, तेही सुरक्षित राहते. तेव्हा आपल्या मुलाचा डोस हा शेजारणीच्या तान्ह्या बाळाचाही असतो. लस घेतल्यावर एक-दोन दिवस अंग कोमट झाले, मूल किरकिरले तर घाबरू नये.

आणि अजूनही काही घरांत गोवर निघाला की दाराला लिंबाचा पाला बांधून 'निघू द्या पूर्ण' म्हणत बसतात. धम्मदीक्षा घेऊन तिसरी पिढी झाली! गोवरातून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जातात. मुलाला दवाखान्यात न्यावे. तिथे लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचायला मदत होते.

तिसरी वाट पाण्याची. कावीळ, टायफॉइड, कॉलरा, साधे जुलाब या सगळ्यांचा प्रवास एकच: एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात. ऐकायला किळसवाणे वाटते, पण स्पष्ट बोललेले बरे. मध्ये असते ती पाण्याची पाइपलाइन, नाहीतर न धुतलेला हात, नाहीतर माशी.

आपल्या वस्त्यांत नळाच्या लाइनी पुष्कळदा गटाराला लागून, काही ठिकाणी गटारातूनच गेलेल्या असतात. पाणी चोवीस तास असते तर आतल्या दाबामुळे फटीतून पाणी बाहेर आले असते. पण पाणी येते ठरावीक वेळ. ते बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पहिले पाणी गढूळ येते. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. मोटार लावणाऱ्याला दोन हंडे जास्त मिळतात आणि गल्लीभर कावीळ. यावर बायकांनी आपसात बोलून नियम करावा. पुरुषांच्या बैठकीत हा विषय निघत नाही, कारण पाणी ते भरत नाहीत.

काविळीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दूषित पाणी प्यायल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सात आठवडे जातात. आज कावीळ निघाली तर पाणी महिन्यापूर्वी बिघडलेले होते. 'आमच्याकडे पाणी स्वच्छ येते' असे आज म्हणून उपयोग नाही, आणि आज पाणी गढूळ आले तर महिन्याभराने काय होणार हेही त्यात आले. गरोदर बाईला काविळीचा एक प्रकार फार घातक ठरतो, म्हणून तिचे पाणी तरी उकळलेलेच असावे. चांगली उकळी फुटली की पुरे. गॅस महाग आहे हे मला कळते. सगळ्यांचे जमत नसेल तर आधी तिचे आणि लहान मुलांचे.

जुलाब लागले तर पहिले औषध म्हणजे ओआरएसचे पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये. मुलाला घोट-घोट देत राहावे, अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. आरोग्य केंद्रात झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर घरी थांबू नये.

घरचे झाले. पण गटारातली लाइन आपण घरी उकळू शकत नाही. ते काम महापालिकेचे आहे. नळाला येणाऱ्या पाण्यात अगदी शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे मानक आहे. ते नळावर दोन मिनिटांत तपासता येते. एका गल्लीत आठवड्याभरात दोन-तीन घरांत कावीळ किंवा जुलाब दिसले तर तोंडी तक्रार करून परत येऊ नये. लेखी अर्ज द्यावा: कुठली गल्ली, किती रुग्ण, कधीपासून, पाणी कधी गढूळ आले. क्लोरीन तपासणी आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि अहवालही लेखी मागावा. आपल्या महिला मंडळाने एक वही ठेवली तर हे काम फार सोपे होते. कुणाकडे काय आजार, कुठल्या तारखेला, एवढेच लिहायचे. साथ ओळखायचे शास्त्र तिथूनच सुरू होते.

डेंग्यूबद्दल थोडक्यात. त्याचा डास गटारात नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून घासावे. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. धूरफवारणीची गाडी आली की लोकांना बरे वाटते, पण धुराने उडते डास तेवढे मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही. आणि पिंप भरून का ठेवावे लागते, तर पाणी ठरावीक वेळच येते म्हणून. डेंग्यूचा अर्जही शेवटी पाणी खात्याकडेच जातो.

लेप्टोस्पायरोसिसची वाट पायाखालची. उंदरांचे, कुत्र्यांचे, गुरांचे मूत्र पावसाच्या साचलेल्या पाण्यात मिसळते आणि पायाला चीर, जखम असेल तर जंतू तिथून आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात हा रोग लोकांना चांगलाच माहीत झाला. खाडीलगतच्या सखल भागात दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरते, तेव्हा जखम असेल तर पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले तर घरी येऊन साबणाने पाय धुवावेत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे. ही गोळी तीन दिवसांच्या आत घ्यायची असते. गरोदर बाईला आणि लहान मुलांना वेगळी असते, म्हणून दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. पुराच्या पाण्यातून जाऊन आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पिंढऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना 'मी पाण्यातून चाललो होतो' हे स्वतःहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

आपल्या घरांतले कित्येक जण सफाईच्या कामावर आहेत, बरेचसे कंत्राटी. गटारात आणि कचऱ्यात त्यांचे पाय रोज असतात, पुराची वाट बघावी लागत नाही. त्यांना गमबूट आणि हातमोजे पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. फाटलेला गमबूट नसल्यापेक्षा वाईट, कारण त्यात पाणी साचून राहते. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, मुकादमाकडे नव्या जोडाची लेखी मागणी करावी. सगळ्यांनी मिळून, एकाच कागदावर सह्या करून केली तर कुणा एकट्यावर डूख धरता येत नाही.